कुरकुरणारं घर

घर पडलं नाही, आणि मोनाली पैज हरली.

पडायला हवं होतं. त्याचसाठी तर तिने गेले पाच आठवडे ते बांधलं होतं. पनवेलजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात ती इमारती कशा उभ्या राहतात ते शिकवायची, आणि तिथल्या प्रयोगशाळेत, भूकंपासारखं हलणाऱ्या लोखंडी टेबलावर, तिने अडीच फूट उंचीचं सागवानी घर उभं केलं होतं. बारा खांब, त्यांवर तुळया, वर एक मजला, त्यावर छप्पर. कौलांच्या वजनाच्या हिशेबाने वाळूच्या पुरचुंड्या बांधून त्या छपरावर पसरल्या होत्या. कोन गावात उभ्या असलेल्या एका खऱ्या घराची ही आठव्या हिश्श्याची प्रतिकृती. ते खरं घर तिच्या वडिलांनी बांधलेलं. शेवटचं.

टेबलाची घरघर थांबली. घर दोनदा डावी-उजवीकडे झुललं आणि ताठ उभं राहिलं. एक पुरचुंडी तेवढी घसरून खाली पडली.

"अरे वा!" जगनकाकांनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की खिडकीतलं कबुतर उडालं. "बघितलंस का पोरी? तुझ्या बापाचं घर हाय ते! तू म्हनालीस पडंल, ते म्हनतंय नाय पडत. आता मी तुझं आयकू का तुझ्या बापाचं?"

मोनालीने खाली पडलेली पुरचुंडी उचलली. ती घराकडे बघत राहिली.

पैज तिनेच लावली होती. कोनचे जगनकाका आणि चंद्रावतीकाकू ही त्या खऱ्या घराची मालक मंडळी. एक्सप्रेसवेत जमीन गेली तेव्हा गावात सगळ्यांनी स्लॅबचे बंगले बांधले. जगनकाकांनी मात्र जुन्या घराचं सागवान मोडीत काढायला नकार दिला आणि दीड वर्षापूर्वी उरणहून धर्मराज मेस्त्रींना, म्हणजे मोनालीच्या बाबांना, बोलावून घेतलं. घर झालं, चांगलं झालं. आता त्यांचा मुलगा निकेश न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनर गाड्यांसाठी टायरचं दुकान टाकणार होता. दुकानाला रुंद शटर हवं. शटरसाठी खालच्या मजल्याच्या पुढच्या खांबांमधल्या तिन्ही गाळ्यांतले तिरपे दांडे कापून टाकायचे ठरले होते. सोमवारी सकाळी कटरवाला येणार होता. आज शनिवार होता.

"ते तिरपे नुसते शोभेचे नाहीत, काका," मोनालीने फोनवर सांगितलं होतं. "ते काढले तर मोठ्या धक्क्यात पुढची बाजू बसेल."

"आमच्याकडं कवा झालाय भूकंप?"

"सदुसष्ट साली कोयनेला झाला तेव्हा इथे जाणवला होता. तुमच्या आईंनीच बाबांना सांगितलं होतं, फळीवरची भांडी खाली आली म्हणून."

"भांडी आली. घर नाय आलं."

शेवटी ती म्हणाली होती, या आणि डोळ्यांनी बघा. तिरपे काढून मी तुमचं घर कोयनेच्या भूकंपात हलवून दाखवते. पडलं तर कापायचं नाही. जगनकाका लगेच म्हणाले होते, "आनि नाय पडलं तर तू परत तोंड उघडायचं नाय." ती हो म्हणाली होती. इतक्या चटकन हो म्हणाली होती की स्वतःलाच नवल वाटलं. पण हिशेब तिने चार वेळा केला होता. पडणारच होतं.

सकाळी पहिल्या फेरीत सगळे तिरपे जागेवर ठेवून तिने घर हलवलं. उभं राहिलं, ते ठीकच होतं. मग पुढचे सहा तिरपे तिने जगनकाकांच्याच हातांनी काढून घेतले, आणि पुन्हा तीच नोंद लावली. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी कोयनेच्या जमिनीने जसे झटके दिले तसेच झटके, मापात बसवून.

आणि घर पडलं नाही.

"चला," जगनकाका उठले. "कटरवाल्याला सांगतो, ये म्हनून. पोरी, मनाला लावून घेऊ नको. तुझा बाप मोठा मेस्त्री होता एवढंच सिद्ध झालं."

एखाद्या दुसऱ्या दिवशी या वाक्याने तिला बरं वाटलं असतं.

"थांबा जरा," चंद्रावतीकाकू म्हणाल्या.

त्या अजून स्टुलावरच बसल्या होत्या, मांडीवर डब्याची पिशवी धरून. सकाळपासून त्या फारसं बोलल्याच नव्हत्या. आता त्या वाकून त्या छोट्या घराकडे बघत होत्या, बाजारात मासळीचे कल्ले उचलून बघावेत तशा नजरेने.

"हे आमचं घर नाय," त्या म्हणाल्या.

"काकू, मापात तसूभर फरक नाही. बाबांच्या वहीतूनच—"

"माप असंल बरोबर. पन हे मुकं हाय. आमचं घर बोलतं. रस्त्यावरून कंटेनर गेला की सगळं घर कुरकुरतं, म्हातारं मानूस उठताना कन्हतं तसं. उभं ऱ्हात होतं तवा हे चिडले होते मेस्त्रीवर." त्यांनी हनुवटीने नवऱ्याकडे दाखवलं. "म्हनाले, नवं घर आनि कुरकुरतं? तर मेस्त्री काय म्हनाला, मुकं घर घेऊन काय करशील जगन? दुखलं-खुपलं तर सांगंल कसं?"

मोनाली झटकन घराकडे वळली.

सकाळपासून काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं ते हेच. आवाज! टेबलाच्या मोटरची घरघर होती, वाळूच्या पुरचुंड्यांची सळसळ होती, जगनकाका तर होतेच. पण घराचा आवाज नव्हता. बाबांच्या घरांत एकही खिळा नसायचा. खांबाच्या भोकात तुळईचं तासलेलं टोक, म्हणजे कूस, बसवायचं आणि आडवी लाकडी खुंटी ठोकायची, बस. हादरा बसला की कूस भोकात घासतं, खुंटी पिळवटते, आणि कुरकुर ऐकू येते. ती कुरकुर म्हणजेच सगळी गंमत होती. भूकंप घराच्या अंगात ताकद कोंबतो, ती कुठेतरी खर्ची पडावीच लागते. विटेच्या भिंतीत ती तडा होऊन बाहेर पडते. लाकडाच्या घरात ती शेकडो सांध्यांच्या घासण्यात जिरते. हे ती दरवर्षी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवायची, आणि आज नेमकी कान बंद करून बसली होती.

ती टेबलाजवळ गेली. कोपऱ्यातला खांब दोन बोटांत धरून हलवला. तो तसूभरही सरकला नाही. खुंटीच्या कडेने नख फिरवलं. नखात मधासारखा पिवळट, ठिसूळ कण आला. तिने तो नाकाशी नेला.

हा वास तिला लहानपणापासून माहीत होता. उरणच्या पडवीत स्टोव्हवर पाण्याच्या पातेल्यात ठेवलेला डबा आणि त्यात शिजणारा सरस, कातड्या-हाडांचा गोंद. चपला उकळायला घातल्यात का, असा वास, आई म्हणायची.

"जीवनकाका," ती मागे न वळता म्हणाली, "हे कधी लावलंत?"

प्रयोगशाळेचे सहायक जीवनकाका दाराशी उभे होते. निवृत्तीला चार महिने उरलेले, बाबांचे पत्त्यातले जोडीदार. कॉलेजची मोडकी स्टुलं दुरुस्त करायला बाबा यायचे तेव्हा दोघांची गट्टी जमली होती. मॉडेलसाठी म्हणून बाबांची हत्यारपेटी तिने इथे आणून ठेवली होती, आणि पेटीत सरसाची पुडी होती.

जीवनकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गुरुवारी," ते म्हणाले. "तुम्ही परीक्षेच्या ड्युटीवर होतात."

"सगळ्या सांध्यांना?"

"पुढचे तिरपे सोडून सगळ्या." मग त्यांचा आवाज चढला. "मग काय करू मॅडम? धर्माभाऊचं शेवटचं घर, आणि परक्या माणसांसमोर ते मोडून पडणार? मी इथे उभा राहून बघणार? वर्ष तरी झालंय का त्याला? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला जमतं. मला नाही जमलं."

कबुतर परत खिडकीत येऊन बसलं.

बाबांना जाऊन आठ महिने. आठ महिन्यांत मोनालीने पेटीचं कुलूप उघडलं, वही उघडली, सागाचे उरलेले तुकडे करवतीला लावले, हे सगळं केलं होतं. एकदाही रडली नव्हती. लोक म्हणायचे, धीराची आहे. तिला स्वतःला वाटायचं की काम चालू असेपर्यंत ते संपलेलं नाही, एवढंच. आणि या म्हाताऱ्याने तिच्या पाठीमागे, स्टोव्हवर सरस वितळवत, घराचे शंभरेक सांधे एकेक करून चिकटवले होते. तेही बाबांच्याच सरसाने. रागवायचं तरी कसं?

"जीवनकाका," ती म्हणाली, "स्टाफरूममधली पाण्याची किटली आणा."

"कशाला?"

"सरस गरम पाण्याने सुटतो. तुम्ही बाजारातला पांढरा गोंद लावला असता तर माझं मरण होतं. हा सुटेल."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही, मग हळूहळू हसू उमटलं, आणि ते जवळजवळ धावतच गेले.

जगनकाकांना हे पसंत नव्हतं. "पैज झाली ना? मग परत कसली फेरी? हरलीस तर हरलीस."

"आयकताय का," चंद्रावतीकाकू म्हणाल्या. "आपल्या घराला सरस लावलाय?"

"नाय."

"मग आता काय बघितलं तुमी? सरसाचं घर. ते काय आपलं हाय? नवरी एक दाखवायची आनि मांडवात दुसरी उभी करायची, चालंल तुमाला?"

"तुझं आपलं कायतरी." पण जगनकाका परत खुर्चीत बसले.

मग प्रयोगशाळेत जी गडबड उडाली तशी त्या खोलीने कधी पाहिली नसेल. किटलीमागून किटली आली. मोनालीने फडक्याच्या पट्ट्या उकळत्या पाण्यात बुडवून सांध्यांना गुंडाळल्या. दहा मिनिटांनी पहिली खुंटी सैल झाली, बाहेर आली, आणि कूस "प्च्" करून सुटलं. सरसाचा वास खोलीभर झाला. चंद्रावतीकाकूंनी नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने सुटलेले दांडे क्रमाने मांडायला घेतले. पाच मिनिटांनी जगनकाकाही बाह्या सारून उठले, कारण कुठलाही तुकडा कुठे जातो हे त्यांना मोनालीइतकंच पाठ होतं. खरं घर उभं राहताना ते चार महिने मेस्त्रींच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले होते.

"तो मागचा खांब नाय, मधला हाय. मेस्त्रीनं त्याला वरून खाच मारलेली. ही बघ!"

"काका, तुम्ही सुतारच व्हायला हवं होतं."

"मी? मी नुसता बघनारा. तुझा बाप म्हनायचा, जगन, तू जर हात लावलास तर मी उरनला परत जाईन."

ओले तुकडे त्यांनी मातीचे नमुने वाळवायच्या भट्टीत अगदी मंद आचेवर ठेवले. लाकूड वाळेपर्यंत जेवून घेतलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा. जीवनकाका आधी लाजत बाजूला उभे होते, काकूंनी त्यांच्या हातावर भाकरी ठेवली.

"घ्या. सरस लावून हात दुखले असतील."

जगनकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जेवताजेवता मोनाली पुन्हा समजावू लागली. काकूंच्या डब्याचं झाकण, चार काड्या, टाचण्या, जे हाताला लागेल ते घेऊन. चार काड्यांची चौकट टाचण्यांनी जोडली आणि एका बाजूने ढकलली. चौकट कलली, पतंगासारखी झाली. मग एक काडी तिरपी जोडून पुन्हा ढकलली. हलेना.

"सैल झालेली बाज डुलते ना, तसं. तिरपा म्हणजे बाजेला डुलू न देणारा दांडा. लाकडाचं घर हलकं असतं, लवचिक असतं, म्हणून ते भूकंपात तरतं. पण त्याने किती लवायचं हे तिरपे ठरवतात. पुढचे तिरपे काढले तर मागची बाजू ताठ राहणार आणि पुढची मोकळी. मग घर दारासारखं फिरतं."

"दारासारखं?" काकूंनी विचारलं.

"मागची भिंत बिजागरी, पुढची भिंत दाराची फळी."

काकूंनी ती चौकट उचलून बोटाने ढकलून बघितली.

दुपारी अडीचला घर पुन्हा उभं राहिलं. या वेळी खुंट्या नव्या होत्या. बाबांची सवय होती, प्रत्येक तुकडा एक जास्त कापायचा. एक मोडायला, एक बसवायला. मोनालीनेही नकळत तसंच केलं होतं, आणि जादाच्या खुंट्या बिस्किटाच्या डब्यात खुळखुळत होत्या. तिने त्या एकेक ठोकल्या. बाबा शेवटचा ठोका मारून खांबाला तळवा लावायचे आणि म्हणायचे, "बसली." ती म्हणाली नाही, पण तळवा लावला.

पुढचे सहा तिरपे बाजूला होते. तिने टेबलाच्या यंत्राकडे जायला पाऊल उचललं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक सुपारी काढली. वाकल्या आणि ती त्या छोट्या घरात, खालच्या मजल्यावर पुढच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली.

"काय गं हे?" जगनकाकांनी विचारलं.

"दीपिकाची खोली. पालना तिथंच असतो ना बाळाचा? दुकान मधे येनार, पालना कोपऱ्यात राहनार."

जगनकाका नुसते हुंकारले. निकेश-दीपिकाची मुलगी, त्यांची नात, तीन महिन्यांची होती.

"चालू कर, पोरी," काकू म्हणाल्या.

मोनालीचं बोट बटणावर होतं. समोर बाबांचे खांब, बाबांच्या खाचा, बाबांनी वहीत इंच आणि सुतात लिहिलेली मापं. जीवनकाकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तिला वाटलं, आपणही फिरवावं. मग वाटलं, बाबांनी कधी एखादं लाकूड मोडताना तोंड फिरवलं होतं का? नवीन जातीचं लाकूड आलं की ते पहिला तुकडा गुडघ्यावर मोडूनच बघायचे. कुठे मोडतं ते कळल्याशिवाय त्यावर भरवसा कसा ठेवू, म्हणायचे.

तिने बटण दाबलं.

पहिल्या झटक्यालाच घर बोललं! कुर्रर्र, कुर्र, कट्. सगळे सांधे एकदम, एखादी जत्रा उठावी तसे. मोनालीला हसू फुटलं. आठ महिन्यांनी कोणीतरी घरात खोकल्यासारखा तो आवाज होता. तीन सेकंद घर झुंजलं, खरंच झुंजलं. मागची बाजू जागेवर, पुढची डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, प्रत्येक वेळी थोडी जास्त, दार उघडझाप करावं तशी. मग पुढच्या कोपऱ्यातलं एक कूस भोकातून सुटलं. काड्‌! दुसरं सुटलं. पुढचे चारही खांब गवतासारखे एका अंगाला झोपले आणि वरचा मजला, अख्खाच्या अख्खा, छपरासकट, पुढे घसरून धाडकन जमिनीवर येऊन बसला.

टेबल थांबलं. वाळू सांडत राहिली.

वरच्या मजल्याला ओरखडासुद्धा नव्हता. खालचा मजला पुढच्या बाजूला उरलाच नव्हता.

"आई शप्पत," जीवनकाका म्हणाले. ते कधी वळले होते कुणास ठाऊक.

जगनकाका उठले. दोन्ही हातांनी त्यांनी वरचा मजला उचलला, हळूच, गरम भांडं उचलावं तसा, आणि बाजूला ठेवला. मग मोडक्या काड्यांत बोटांनी चाचपडू लागले. काय शोधतायत ते सगळ्यांना कळलं होतं. कोणी मदतीला गेलं नाही.

सुपारी सापडली. पुढची तुळई बरोबर तिच्यावर आडवी पडली होती. जगनकाकांनी तुळई दूर केली, सुपारी तळहातावर घेतली आणि तिच्यावरची वाळू फुंकली. दोनदा फुंकली.

"सोमवारी कटरवाला बोलवायचा नाय," ते म्हणाले. "मंगलवारी पन नाय."

"काका—"

"संपलं. निकेसला सांगतो, दुकान टाक कलंबोलीला, नायतर टाकू नको."

"तसा नाय आयकायचा तो," काकू म्हणाल्या. "तुमी घरात नसताना कापंल. तुमचाच पोरगा हाय."

मोनालीने वही पुढे ओढली. ती भराभर रेघा मारत होती. "सगळं नाही कापायचं. फक्त मधला गाळा उघडा. दोन्ही कोपऱ्यांचे गाळे तसेच ठेवायचे, उलट त्यांत तिरपे दुप्पट करायचे, फुलीसारखे. मधल्या दारावरची तुळई जाड. आणि कोपऱ्यातले खांब खाली लोखंडी पट्टीने जोत्याला बांधायचे, म्हणजे ते उपटणार नाहीत. दहा फुटांचं दार मिळेल."

"दहा फुटांत टायर जाईल?"

"काका, दहा फुटांत टायर, निकेश आणि त्याची मोटरसायकल, तिघं शेजारी शेजारी जातील."

"मग दाखव," जगनकाका म्हणाले. "तोंडी नको."

पुन्हा भट्टी नको होती, पुन्हा सरस नको होता. मोडलेले चार खांब गेले, जादाचे चार आले. फुलीच्या तिरप्यांच्या मापाच्या पट्ट्या नव्हत्या, तर जीवनकाकांनी स्वतःच्या हाताने रंधा मारून चार पट्ट्या काढल्या, आणि रंधा मारताना ते गुणगुणत होते. लोखंडी पट्ट्यांच्या जागी पत्र्याच्या कापट्या. पाच वाजायला आले तेव्हा घर तिसऱ्यांदा उभं होतं, मधे उघडं, दोन्ही कोपऱ्यांत फुल्या. जगनकाकांनी सुपारी स्वतः डाव्या कोपऱ्यात ठेवली. नीट बसली नाही वाटून पुन्हा उचलून ठेवली.

या वेळी बटण काकूंनी दाबलं.

घर ओरडलं! कुरकुरलं, कचकचलं, कण्हलं. मोनालीने डोळे मिटून घेतले आणि ऐकलं. डावा कोपरा बोलतोय, उजवा उत्तर देतोय, मधली तुळई गप्प आहे, गप्पच असायला हवी. चौथ्या सेकंदाला एक खुंटी सुटून उडाली आणि टप्‌कन जगनकाकांच्या खिशावर आपटली. "अगो मेलो!" ते ओरडले, पण नजर हलवली नाही. सहा. सात. पुढची बाजू लवली, परत आली, पुन्हा लवली. वाळूच्या तीन पुरचुंड्या फुटल्या. "धर! धर!" जीवनकाका कोणाला तरी सांगत होते. नऊ. दहा.

टेबल थांबलं.

घर उभं होतं. दोन सूत डावीकडे कललेलं, एका खुंटीने उणं, पण उभं. सुपारी जागेवरून चार बोटं घरंगळून मधल्या भिंतीला टेकून राहिली होती.

मग सगळे एकदम बोलू लागले. जीवनकाका जगनकाकांचा हात धरून हलवत होते, काकू टाळ्या वाजवत होत्या, आणि मोनाली मोजपट्टी घेऊन कललेला खांब मोजत होती आणि तिला आकडे दिसत नव्हते, कारण डोळे भरून आले होते. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

निघताना जगनकाका दारात घुटमळले.

"सोमवारी येशील ना? मधला गाळा कापायला माझ्यावर सोडू नको."

"येते."

"आनि ती खुंटी ऱ्हायलीय."

तिला माहीत होतं. बाबा प्रत्येक घरात पुढच्या खांबाची एक खुंटी बोटभर बाहेर ठेवायचे. वास्तुशांतीच्या दिवशी ती घरमालकाने ठोकायची, मगच घर त्याचं. जगनकाकांच्या वास्तुशांतीला बाबा दवाखान्यात होते. मेस्त्री आले की ठोकू, असं म्हणून राहिलं, आणि काकू आता त्या खुंटीला किल्ल्या अडकवायच्या.

"ती तुम्हीच ठोकायची असते, काका. मालकाने."

"ठोकीन की. पन बसली का नाय ते मेस्त्री सांगतो. मला काय कळतंय त्यातलं?"

सोमवारी सकाळी कोनला कटरवाला मधला गाळा कापून गेला. निकेश तोंड पाडून शटरचं नवं माप घेत होता, आणि दीपिका पाळणा ओढून आतल्या खोलीत नेऊ का विचारत होती. तिची सासू म्हणाली, काही गरज नाय. जगनकाकांनी किल्ल्या काढून काकूंच्या हातात दिल्या, मोनालीने बाबांच्या पेटीतली लाकडी मोगरी त्यांच्या हातात दिली. पहिला ठोका चुकला आणि खांबावर वळ उमटला. दुसरा बसला. तिसरा बसला.

मोनालीने खांबाला तळवा लावला. रस्त्यावरून न्हावा शेव्याचा एक कंटेनर धडधडत गेला आणि खांबापासून छपरापर्यंत सगळं घर कुरकुरलं.

सगळे तिच्याकडे बघत होते.

"बसली," ती म्हणाली.